आपत्तीनंतरचे अर्थसाहाय्य: ओमानमधील लहान व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

ओमानचा बहुतांश भूप्रदेश शुष्क असल्यामुळे पूर आणि चक्रीवादळ ही या देशातील व्यवसायांपुढची नित्याची संकटे नाहीत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. परंतु गेल्या दोन दशकांच्या अनुभवाने तो पुसून टाकला आहे. जून २००७ मधील गोनू चक्रीवादळाने मस्कत आणि पूर्व किनाऱ्यावर सुमारे ५० जणांचा बळी घेतला आणि सुमारे चार अब्ज डॉलरचे नुकसान केले. त्यानंतर जून २०१० मध्ये फेत आले आणि मे २०१८ मध्ये मेकुनूने सलाला शहरावर अवघ्या काही दिवसांत सहाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस ओतला, जो तेथील वार्षिक सरासरीच्या कित्येक पट होता. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन चक्रीवादळ बातिना किनाऱ्यावर अल् मुसन्ना आणि अल् सुवैक यांच्या दरम्यान धडकले, तर एप्रिल २०२४ मधील अतिवृष्टीने उत्तर शर्किया भागात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण घेतले.

शाहीनचा संबंध महाराष्ट्राशीही होता. बंगालच्या उपसागरात निर्माण झालेले गुलाब चक्रीवादळ २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेश व ओडिशाच्या सीमाभागात किनाऱ्यावर आले, त्याच्या अवशेषांनी मराठवाड्यात अतिवृष्टी घडवली आणि तेच अवशेष गुजरातच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावल्यावर त्यांना शाहीन हे नाव मिळाले. एकाच वातावरणीय प्रणालीने एका आठवड्यात मराठवाड्यातील शेतकरी आणि बातिनातील दुकानदार अशा दोघांचेही नुकसान केले. मात्र त्यानंतर दोघांपुढे उघडलेले शासकीय मदतीचे मार्ग एकमेकांपासून फार वेगळे होते. ओमानमध्ये दुकान, उपाहारगृह, गोदाम, कार्यशाळा किंवा सेवा-आस्थापना चालवणाऱ्या मराठी कुटुंबांना हा फरक आधीच माहीत असणे आवश्यक आहे, कारण आपत्तीनंतर मिळणारी मदत ही मुख्यतः आपत्तीपूर्वी उभ्या केलेल्या कायदेशीर अस्तित्वावर आणि नोंदींवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन हेच आहे आणि पुढील सर्व सूचना त्यातूनच निघतात.

मदतीचे चार प्रकार

‘सरकारी मदत’ या शब्दप्रयोगाखाली परस्परांपासून भिन्न अशा चार गोष्टी एकत्र मोजल्या जातात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे अपेक्षाभंग होतो. पहिला प्रकार थेट अनुदानाचा, म्हणजे परत न करावयाच्या रकमेचा होय. हे अनुदान शासन आपल्या विवेकानुसार, बहुधा निवासस्थाने आणि अत्यावश्यक गरजा यांना अग्रक्रम देऊन जाहीर करते. दुसरा प्रकार सवलतीच्या किंवा बिनव्याजी कर्जाचा असून ते परत करावेच लागते. तिसरा प्रकार हप्ता लांबणीवर टाकण्याचा, ज्यात आधीच्या कर्जाची परतफेड काही महिने थांबते, परंतु कर्ज माफ होत नाही. चौथा प्रकार शुल्क, दंड किंवा भाडे यांतील सवलतीचा असून त्याची रक्कम लहान असली तरी व्यवसाय पुन्हा सुरू करण्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याचा उपयोग मोठा असतो.

शाहीननंतर ओमान सरकारने नुकसानीचे मूल्यमापन करण्यासाठी अर्थमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिस्तरीय समिती नेमली आणि सुलतान हैथम बिन तारिक यांनी नैसर्गिक आपत्ती व तत्सम प्रसंगांसाठी राष्ट्रीय आपत्कालीन निधी स्थापन करण्याचा आदेश दिला. देशाच्या मध्यवर्ती बँकेनेही बाधित कर्जदारांचे हप्ते लांबणीवर टाकण्याच्या विनंत्या स्वीकारण्याबाबत बँकांना सूचना दिल्या. या घटनाक्रमातून एक कार्यपद्धती स्पष्ट होते: ओमानमध्ये प्रत्येक आपत्तीनंतर लहान व्यावसायिकाला आपोआप लागू होणारा, ठरावीक दराचा भरपाईचा तक्ता गृहीत धरता येत नाही, तर आपत्तीची व्याप्ती पाहून शासन समिती नेमते, निर्णय घेते आणि तो संबंधित संस्थांमार्फत राबवते. म्हणून मागच्या आपत्तीत मिळालेली सवलत पुढच्या आपत्तीतही मिळेल, असे धरून चालणे चुकीचे ठरते आणि प्रत्येक वेळी त्या त्या आदेशाचा मूळ मजकूर वाचणे अपरिहार्य होते.

व्यवसाय कोणाच्या नावावर आहे

मदतीच्या पात्रतेचा पहिला आणि निर्णायक प्रश्न मालकीचा आहे. लघु व मध्यम उद्योगांच्या विकासासाठी ओमानने २०१३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, २०२० मध्ये त्याची पुनर्रचना झाली आणि लोकव्यवहारात ते ‘रियादा’ या नावाने ओळखले जाते. या प्राधिकरणाकडून दिले जाणारे रियादा कार्ड ओमानी नागरिक असलेल्या व स्वतःचा उद्योग पूर्णवेळ सांभाळणाऱ्या उद्योजकांसाठी आहे आणि अनेक सवलतींचे दार याच कार्डाने उघडते. जून २०२० मध्ये कोविडच्या काळात जाहीर झालेली तातडीच्या बिनव्याजी कर्जाची योजनाही याच धर्तीची होती. ती मुख्यतः रियादा कार्डधारक पूर्णवेळ उद्योजक आणि अल् रफद निधी किंवा ओमान डेव्हलपमेंट बँक यांचे कर्जदार यांच्यासाठी आखण्यात आली. ज्यांची नोंद संकटापूर्वी या संस्थांकडे होती, त्यांच्यापर्यंत मदतीचा मार्ग आधीच आखलेला होता.

परदेशी नागरिकांच्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा म्हणजे २०१९ चा परकीय भांडवल गुंतवणूक कायदा (शाही आदेश ५०/२०१९), जो जानेवारी २०२० पासून अमलात आला आणि ज्याने अनेक क्षेत्रांत पूर्ण परकीय मालकीला मुभा दिली. तरीही काही व्यवसाय केवळ ओमानी नागरिकांसाठी राखीव आहेत. त्यांच्या यादीत शिवणकाम, धुलाई, केशकर्तन, वाहनदुरुस्ती, पिण्याच्या पाण्याची वाहतूक अशा लहान व्यवसायांचा समावेश झाला असून ही यादी वेळोवेळी वाढत गेली आहे. म्हणून व्यवसाय सुरू करताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना अद्ययावत यादी वाणिज्य, उद्योग व गुंतवणूक प्रोत्साहन मंत्रालयाकडून तपासून घेणे हे पहिले कर्तव्य ठरते.

येथेच एका जुन्या आणि धोकादायक प्रथेचा विचार करावा लागतो. ओमानी नागरिकाच्या नावावर व्यापारी नोंदणी काढून, त्याला दरमहा किंवा दरवर्षी ठरावीक रक्कम देऊन प्रत्यक्ष धंदा परदेशी व्यक्तीने चालवायचा, या पद्धतीला अरबीत ‘तसत्तुर’, म्हणजे लपवलेला व्यापार, असे म्हणतात आणि ती बेकायदेशीर असून २०२३ मध्ये तिच्याविरुद्धचे नियम अधिक कडक करण्यात आले. शिक्षेचा धोका बाजूला ठेवला तरी आपत्तीच्या प्रसंगी या पद्धतीतील अन्याय उघडा पडतो: माल ज्याच्या पैशाने भरलेला असतो त्याच्या नावावर काहीच नसते, मदतीसाठी अर्ज करण्याचा अधिकार नोंदणीधारकाला असतो, विम्याचा दावा विमापत्रावर नाव असलेल्यालाच करता येतो आणि पैसा हाती आल्यावर तो प्रत्यक्ष व्यावसायिकाला देण्याचे बंधन कोणत्याही ग्राह्य कागदावर नसते. वर्षानुवर्षे विश्वासाने चाललेले असे संबंध एका पुरानंतर तुटू शकतात. ज्या कुटुंबांचा व्यवसाय आजही अशा व्यवस्थेवर उभा आहे, त्यांनी वकिलाच्या साहाय्याने तो कायदेशीर कंपनीत रूपांतरित करण्याचा निर्णय पुढच्या वादळाची वाट न पाहता घ्यावा.

आपत्तीपूर्वीची कागदपत्रे

मदत मागणाऱ्याला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: व्यवसाय कायदेशीर होता, तो विशिष्ट जागी चालत होता आणि त्याचे विशिष्ट रकमेचे नुकसान झाले. पहिल्या गोष्टीसाठी व्यापारी नोंदणी, जिला व्यवहारात ‘सीआर’ म्हणतात, मुदतीत नूतनीकरण केलेली असावी, तसेच नगरपालिकेचा, म्हणजे स्थानिक भाषेत बलदियाचा, परवाना चालू असावा. दुसऱ्या गोष्टीसाठी भाडेकरार नगरपालिकेकडे नोंदवलेला असावा. जागामालकाशी तोंडी ठरलेला किंवा साध्या कागदावर लिहिलेला करार अशा वेळी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. गोदाम दुकानापासून वेगळ्या ठिकाणी असेल तर त्याचा करार आणि परवाना स्वतंत्रपणे सांभाळावा, कारण मालाचे मोठे नुकसान बहुधा गोदामातच होते आणि त्याच जागेची नोंद अनेकदा अपुरी असते.

तिसरी गोष्ट, म्हणजे नुकसानीची रक्कम, सिद्ध करणे सर्वांत कठीण असते. ओमानमध्ये १६ एप्रिल २०२१ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला असून वार्षिक करपात्र उलाढाल ३८,५०० रियालच्या वर गेल्यास नोंदणी सक्तीची आहे, तर १९,२५० रियालच्या वर ती ऐच्छिक आहे. या कराची विवरणपत्रे आणि खरेदीच्या कर-पावत्या हा मालसाठ्याचा भक्कम पुरावा ठरतो, कारण त्या आपत्तीच्या आधी तयार झालेल्या असतात आणि त्यांची नोंद कर प्राधिकरणाकडेही असते. ज्यांची उलाढाल सक्तीच्या मर्यादेखाली आहे, त्यांनीही प्रत्येक खरेदीची पावती, बँकेमार्फत केलेला भरणा आणि महिन्याच्या अखेरीस केलेली मालाची मोजणी यांची नियमित नोंद ठेवावी. कामगारांचे वेतन शासनाच्या वेतन संरक्षण प्रणालीतून, म्हणजे बँकेद्वारे नोंद होणाऱ्या मार्गाने, दिले गेल्यास आस्थापना प्रत्यक्षात चालू होती याचाही पुरावा आपोआप तयार होतो.

ही सर्व कागदपत्रे दुकानाच्या गल्ल्यात किंवा तळमजल्यावरील कपाटात ठेवणे म्हणजे मालाबरोबर पुरावाही पाण्याच्या स्वाधीन करणे होय. त्यांच्या छायाप्रती इंटरनेटवरील सुरक्षित साठ्यात ठेवाव्यात, एक संच घरी वरच्या मजल्यावर आणि शक्य असल्यास एक संच भारतातील नातेवाइकांकडे ठेवावा. दर तीन महिन्यांनी दुकान, गोदाम, यंत्रसामग्री आणि शीतपेट्या यांचे चित्रीकरण करून त्यात यंत्रांचे अनुक्रमांक स्पष्ट दिसतील अशी काळजी घ्यावी. या कामाला अर्धा तास लागतो आणि पुढे होणाऱ्या मूल्यमापनात त्याचे वजन मोठे असते.

पहिले बहात्तर तास

ओमानच्या हवामान विभागाचे आणि राष्ट्रीय आपत्कालीन व्यवस्थापन समितीचे इशारे मिळाल्यानंतर मालापेक्षा माणसे आधी हलवावीत, हे वेगळे सांगावे लागू नये. तरीही वादी ओलांडताना होणारे मृत्यू दर आपत्तीत घडतात. वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे, पण डोंगरात पाऊस पडताच काही मिनिटांत दुथडी भरून वाहू लागणारे पात्र. दुकानाचे दार बंद करण्यासाठी किंवा माल वाचवण्यासाठी अशा पात्रातून गाडी घालणे हे प्राणघातक आहे, वाहतूक कायद्यानुसार दंडनीय आहे आणि गाडीच्या विम्याचा दावाही त्यामुळे अडचणीत येऊ शकतो.

पाणी ओसरल्यावर पहिली प्रवृत्ती साफसफाईची असते आणि तीच अनेकदा पुराव्याचा नाश करते. कोणतीही वस्तू बाहेर फेकण्यापूर्वी भिंतीवरील पाण्याच्या पातळीची खूण, भिजलेला माल, बंद पडलेली यंत्रे, उखडलेले छप्पर आणि दुकानाची पाटी यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह घ्यावीत. त्यानंतर नुकसानीची यादी करावी आणि तिच्यात वस्तूचे नाव, संख्या, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत व सध्याची स्थिती असे पाच रकाने असावेत. पूर्ण नष्ट झालेला, दुरुस्त होण्यासारखा आणि कमी किमतीत विकता येण्यासारखा असे मालाचे तीन गट पाडल्यास मूल्यमापन करणाऱ्याचा विश्वास वाढतो, कारण फुगवलेली यादी लगेच ओळखू येते आणि एका खोट्या नोंदीमुळे खऱ्या नोंदीही संशयास्पद ठरतात. खराब झालेले अन्नपदार्थ आणि औषधे आरोग्याच्या कारणाने तातडीने नष्ट करावी लागतात. अशा वेळी नगरपालिकेला कळवून, शक्य तेथे तिच्या प्रतिनिधीसमक्ष ती नष्ट करावीत आणि त्याची लेखी पोच घ्यावी.

महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेला तलाठ्याचा पंचनामा ओमानमध्ये त्याच स्वरूपात होत नाही. तेथे नुकसानीची अधिकृत नोंद रॉयल ओमान पोलिसांचा अहवाल, नगरपालिकेची पाहणी, वालीच्या कार्यालयाकडील नोंद आणि शासनाने नेमलेल्या समितीचे सर्वेक्षण अशा वेगवेगळ्या मार्गांनी होऊ शकते. विलायत हा ओमानमधील तालुक्यासारखा प्रशासकीय घटक असून वाली हा त्याचा प्रमुख होय. स्थानिक पातळीवर कोणती समिती नोंदी घेत आहे आणि तिची अंतिम तारीख कोणती, याची विश्वसनीय माहिती त्याच्या कार्यालयात मिळते. प्रत्येक ठिकाणी दिलेल्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील पाठपुरावा त्या क्रमांकावरच चालतो.

अर्ज करताना

ओमानच्या प्रशासनाची भाषा अरबी आहे, त्यामुळे अर्ज, नुकसानीचा गोषवारा आणि महत्त्वाचे जोडपत्र अरबीत असणे इष्ट ठरते. शासकीय कामांचे अर्ज भरून देणारी ‘सनद’ या नावाची अधिकृत सेवा-केंद्रे देशभर असून त्यांच्यामार्फत माफक शुल्कात अर्ज दाखल करता येतात. मात्र अर्जातील आकडे आणि नावे मूळ कागदांशी जुळतात की नाही, हे अर्जदाराने स्वतः तपासावे. नावाचे अरबी लेखन निवासपत्रावर, म्हणजे बताक्यावर, जसे आहे तसेच अर्जावर असावे, अन्यथा केवळ अक्षरभेदामुळे अर्ज अडकून पडतो.

अर्जाचा मजकूर थोडक्यात आणि क्रमाने असावा. प्रथम व्यवसायाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, जागा आणि कामगारांची संख्या सांगावी. नंतर आपत्तीची तारीख व नुकसानीचा प्रकार. त्यानंतर एकूण नुकसान, विम्यातून अपेक्षित रक्कम आणि उरलेली तूट. आणि शेवटी नेमकी मागणी, म्हणजे कर्ज हवे की हप्त्यांना मुदत हवी की शुल्कात सूट हवी. विम्याची रक्कम लपवून पूर्ण नुकसानीची मागणी करणे हा गैरव्यवहार ठरतो, तर ती प्रामाणिकपणे दाखवून उरलेल्या तुटीसाठी मागणी केल्यास अर्जाला वजन येते. अर्जासोबत व्यवसाय पुन्हा कसा उभा राहील याचा एका पानाचा आराखडा जोडावा, कारण कर्ज देणारी संस्था झालेल्या नुकसानीपेक्षा पुढच्या परतफेडीच्या शक्यतेकडे अधिक पाहते. कंपनीत ओमानी भागीदार असल्यास रियादाच्या योजनांतील मालकीच्या अटी प्राधिकरणाकडून लेखी समजून घ्याव्यात आणि अपात्र योजनेच्या मागे महत्त्वाचे आठवडे वाया घालवू नयेत.

कर्जाचे हप्ते, धनादेश आणि भाडे

बहुतेक परदेशी व्यावसायिकांसाठी नव्या अनुदानापेक्षा जुन्या देण्यांना मिळणारी मुदत हीच अधिक वास्तववादी मदत असते. मार्च २०२० मध्ये ओमानच्या मध्यवर्ती बँकेने कोविडच्या पार्श्वभूमीवर आठ अब्ज रियालची तरलता उपलब्ध करून देणाऱ्या उपाययोजना जाहीर केल्या होत्या आणि त्यांत हप्ते लांबणीवर टाकण्याचाही समावेश होता. अशी मुदत मिळाली तरी व्याजाचे काय होणार, हा प्रश्न लेखी विचारलाच पाहिजे. उदाहरणार्थ, दहा हजार रियाल शिल्लक असलेल्या कर्जावर वार्षिक सहा टक्के दराने व्याज चालू राहिले, तर सहा महिन्यांच्या मुदतीत सुमारे ३०० रियाल वाढतात. ही रक्कम माफ आहे, मुदलात मिळवली जाणार आहे की शेवटच्या हप्त्यात वसूल होणार आहे, हे बँकेच्या पत्रात स्पष्ट असावे. मुदत मागण्याचा अर्ज पहिला हप्ता थकण्यापूर्वी द्यावा, कारण थकबाकीची नोंद पतइतिहासात गेल्यावर बँकेशी बोलण्याची जागा आकुंचित होते.

ओमानच्या व्यापारात भाडे आणि मालाच्या रकमेसाठी पुढील तारखांचे धनादेश देण्याची पद्धत सार्वत्रिक आहे, तर धनादेश न वटणे हा तेथील कायद्याने गुन्हा आहे. आपत्तीमुळे विक्री थांबली, हे कारण खात्यात पैसे नसण्याचे पुरेसे समर्थन म्हणून पुढे करण्यावर विसंबून राहू नये. म्हणून पाणी ओसरताच पुढील तीन महिन्यांत वटणाऱ्या सर्व धनादेशांची यादी करावी, प्रत्येक धनकोला तारखेपूर्वी भेटून नवी तारीख मागावी, जुना धनादेश परत घेऊनच नवा द्यावा आणि ही तडजोड लेखी करावी. या एका खबरदारीने अनेक व्यावसायिकांचा प्रवासबंदी आणि खटला यांपासून बचाव होऊ शकतो.

भाड्याच्या बाबतीत २०१३ चा दिवाणी व्यवहार कायदा (शाही आदेश २९/२०१३) उपयोगी पडतो. त्यात दोन कल्पना वेगळ्या केल्या आहेत. पहिली अपरिहार्य आपत्तीची असून, बाह्य आणि न टाळता येणाऱ्या घटनेमुळे कराराचे पालन अशक्यच झाले, तर परस्पर बंधने संपुष्टात येऊ शकतात. दुसरी अपवादात्मक परिस्थितीची असून, पालन अशक्य नसले तरी भारी तोटा होण्याइतके जाचक झाले, तर न्यायालय ते बंधन वाजवी मर्यादेत आणू शकते. छप्पर कोसळलेले दुकान पहिल्या प्रकाराच्या जवळ जाते, तर रस्ता वाहून गेल्यामुळे ग्राहक थांबलेले दुकान दुसऱ्या प्रकाराच्या. जागामालकाशी बोलताना हा भेद माहीत असल्यास भाडेमाफी, भाडेकपात आणि दुरुस्तीची जबाबदारी यांविषयी मुद्देसूद तडजोड करता येते. तडजोडीनेही व्यवसाय सावरत नसेल, तर २०१९ च्या दिवाळखोरी कायद्यात (शाही आदेश ५३/२०१९) पुनर्रचनेची आणि धनकोंशी प्रतिबंधक समझोत्याची तरतूद आहे. देश सोडून निघून जाण्याने कर्ज संपत नाही, उलट जामीनदार राहिलेल्या मित्राला किंवा नातेवाइकाला ते फेडावे लागते, हे ध्यानात ठेवून हा कायदेशीर मार्ग वेळेत स्वीकारावा.

विमा: मदतीचा मूळ पाया

शासकीय मदत विवेकाधीन असते, तर विमा हा करार असतो. म्हणून लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने विम्याचे स्थान पहिले आहे. साध्या अग्नी विम्यात पूर आणि वादळ यांचा समावेश असेलच असे नाही. तो जोडून घ्यावा लागतो आणि विमापत्रावर तसा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. मालमत्तेच्या विम्याने माल व यंत्रे यांची भरपाई मिळते, परंतु दुकान बंद राहिल्याने बुडालेल्या उत्पन्नासाठी व्यवसायखंड विमा वेगळा घ्यावा लागतो. वजावट म्हणजे प्रत्येक दाव्यातून विमेदाराने स्वतः सोसावयाची रक्कम, आणि ती वादळ-पुरासाठी इतर जोखमींपेक्षा जास्त असू शकते.

हप्ता वाचवण्यासाठी मालाची किंमत कमी दाखवणे ही सर्वांत महागडी काटकसर होय, कारण विमापत्रात प्रमाणशीर भरपाईची अट असते. समजा, गोदामात २०,००० रियालचा माल असून विमा मात्र १२,००० रियालचाच, म्हणजे साठ टक्क्यांचा, घेतला आहे आणि पुरात ५,००० रियालचे नुकसान झाले. अशा वेळी विमा रकमेच्या आत नुकसान असूनही भरपाई साठ टक्के, म्हणजे ३,००० रियाल, एवढीच मिळते आणि वजावट २५० रियाल असल्यास हाती २,७५० रियाल येतात. ईद, दिवाळी किंवा शाळा सुरू होण्याच्या हंगामात मालसाठा वाढतो, म्हणून त्या काळापुरती विमा रक्कम वाढवून घेणे योग्य ठरते. दावा नाकारला गेल्यास प्रथम विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि समाधान न झाल्यास वित्तीय सेवा प्राधिकरणाकडे जावे. २०२४ मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाकडे पूर्वीच्या भांडवल बाजार प्राधिकरणाचे विमाविषयक नियमनाचे अधिकार आले आहेत.

नुकसानीचा करावर होणारा परिणामही दुर्लक्षू नये. ओमानच्या आयकर कायद्यानुसार व्यवसायातील तोटा पुढील पाच वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याची सोय आहे. परंतु त्यासाठी तोट्याच्या वर्षाचे विवरणपत्र वेळेत आणि योग्य हिशेबांसह भरलेले असावे लागते. उत्पन्नच नाही म्हणून विवरणपत्र न भरणारा व्यावसायिक ही सवलत स्वतःच्या हाताने गमावतो.

भारताकडून काय अपेक्षित धरावे

मस्कतमधील भारतीय दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. २००९ मध्ये सुरू झालेला हा निधी संकटात सापडलेल्या भारतीयांना तात्पुरता निवारा, तातडीचे वैद्यकीय साहाय्य, मायदेशी परतण्याचे तिकीट अशा वैयक्तिक गरजांसाठी आहे. दुकानातील मालाची किंवा यंत्रांची भरपाई हा त्याचा हेतू नाही. सर्वस्व गमावलेल्या कामगारासाठी किंवा कुटुंबासाठी तो मोलाचा आहे आणि त्याची माहिती सर्वांपर्यंत पोहोचवणे हे सामाजिक संस्थांचे काम आहे.

महाराष्ट्रातील अनुभवाशी तुलना केल्यास ओमानमधील स्थिती अधिक स्पष्ट होते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड, सांगली आणि कोल्हापूर येथील पुरानंतर राज्य सरकारने ऑगस्टमध्ये ११,५०० कोटी रुपयांच्या एकूण तरतुदीस मान्यता दिली आणि त्यात दुकानदारांसाठी कमाल ५०,००० रुपये, तर टपरीधारकांसाठी कमाल १०,००० रुपये अशी मदत ठरवली. चिपळूणच्या बाजारपेठेत लाखो रुपयांचा माल गमावलेल्या दुकानदाराला ही रक्कम पुरेशी नव्हती, तरी ती रहिवासी व्यावसायिक म्हणून त्याच्या वाट्याला आली. ओमानमधील परदेशी व्यावसायिकाला अशा नागरिकत्वाधारित मदतीवर अवलंबून राहता येत नाही आणि महाराष्ट्र शासनाची मदत राज्याबाहेर घडलेल्या आपत्तीला लागू होत नाही. या दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या जागेत असलेल्या माणसाला आपला आधार विमा, कायदेशीर मालकी आणि स्वच्छ हिशेब यांतूनच उभारावा लागतो.

या कामात एकट्या कुटुंबापेक्षा समूह अधिक समर्थ असतो. मस्कत, सोहार, सलाला आणि सूर येथील मराठी व भारतीय मंडळांनी सणांच्या कार्यक्रमांइतकेच महत्त्व एका वार्षिक व्यवसाय-सज्जता बैठकीला द्यावे. मे-जून आणि ऑक्टोबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांच्या दृष्टीने संवेदनशील महिने असल्याने अशी बैठक एप्रिलच्या सुरुवातीस घेता येईल. तिच्यात परवान्यांच्या मुदती, विमा रकमा, भाडेकरारांची नोंद आणि छायाप्रतींचा साठा यांची तपासणी व्हावी, अरबी जाणणाऱ्या सदस्यांची यादी तयार असावी आणि एखाद्या वकिलाचा व विमा सल्लागाराचा वेळ सामूहिक खर्चाने आधीच ठरवून ठेवावा. ज्यांना कागदपत्रांची भाषा समजत नाही असे लहान दुकानदार, केटरिंगसारख्या धंद्यात राबणारे कामगार आणि पतीच्या पश्चात व्यवसाय सांभाळणाऱ्या स्त्रिया यांच्यापर्यंत ही मदत प्रथम पोहोचली पाहिजे, कारण आपत्तीत सर्वाधिक गमावणारे आणि अर्जाच्या रांगेत सर्वांत मागे राहणारे तेच असतात.

शासनाचा आदेश केव्हा निघेल, त्यात कोणाचा समावेश असेल आणि रक्कम किती असेल, हे व्यावसायिकाच्या हाती नाही. परंतु आदेश निघेल त्या दिवशी आपली नोंदणी चालू असणे, मालकी खरी असणे, विमा पुरेसा असणे आणि पुरावा सुरक्षित असणे हे पूर्णपणे त्याच्याच हाती आहे. ही चार कामे येत्या महिन्याभरात पुरी करणे ही ओमानमधील प्रत्येक लहान व्यावसायिकाने आपल्या कुटुंबाप्रती आणि आपल्याकडे काम करणाऱ्या माणसांप्रती पार पाडावयाची जबाबदारी आहे.